रेवस ते रेडी : कोकणच्या सागरी मार्गाने पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मुंबई-गोवा महामार्गाने कोकणात जाणाऱ्याला समुद्र दिसतो तो मुक्कामाच्या गावी पोहोचल्यावरच, कारण हा महामार्ग किनाऱ्यापासून बराच आत, डोंगरांच्या आडून जातो. समुद्राला धरून जायचे असेल तर प्रमुख राज्यमार्ग क्रमांक ४ म्हणजेच रेवस ते रेडी हा सागरी मार्ग घ्यावा लागतो. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांतून सुमारे ५०० किलोमीटर जाणारा हा मार्ग काही ठिकाणी खाडीपाशी चक्क संपतो आणि पलीकडच्या तीरावर पुन्हा सुरू होतो. मधले अंतर गाडीसकट फेरीबोटीने पार करायचे असते. त्यामुळे येथे किलोमीटर मोजून केलेला बेत फसतो, आणि भरती-ओहोटी व बोटींच्या वेळा पाहून केलेला बेत पार पडतो. पुढील सर्व सूचना या एका गोष्टीभोवती आहेत.

१. हंगाम ठरवा

पहिल्या प्रवासाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. हवा कोरडी असते, रस्ते पावसाळ्यानंतर थोडेफार दुरुस्त झालेले असतात आणि मासळी मुबलक असते. कासवांची पिल्ले पाहायची असतील तर फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते एप्रिल, आणि आंब्यासाठी एप्रिल-मे. मात्र मे महिन्यात दुपारी अकरा ते चार या वेळात बाहेर फिरण्याची आशा धरू नये.

पावसाळ्यातला कोकण देखणा असतो, हे खरेच आहे. सड्यांवर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारांवर, रानफुले उमलतात आणि घाटातले ओहोळ रस्त्यावर उतरतात. परंतु जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, सिंधुदुर्ग आणि जंजिरा या जलदुर्गांकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात, आणि वादळी हवेत खाडीतल्या बोटीही थांबवल्या जातात. खवय्यांनी ही गोष्ट आधीच लक्षात घ्यावी.

गणेशोत्सव आणि शिमगा या दोन सणांच्या दिवसांत पर्यटक म्हणून जाणे शक्यतो टाळावे. चाकरमानी गावी आलेले असतात, घरे भरलेली असतात, आणि ज्या काकू एरवी आपल्याला जेवू घालतात त्या स्वतःच्या घरच्या पाहुण्यांत गुंतलेल्या असतात. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी रस्त्याने निघालेली असेल तर गाडी बाजूला लावून थांबावे. हॉर्न वाजवू नये.

२. कागदपत्रे आणि सामान

वाहन चालवण्याचा परवाना, वाहनाचे नोंदणीपत्र, विमा आणि पीयूसी हे चार कागद चालू तारखेचे असावेत. मुक्कामाच्या ठिकाणी प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे ओळखपत्र मागितले जाते. याखेरीज पुढील वस्तू जवळ असाव्यात :

- रोख रक्कम, तीही सुट्ट्या नोटांत. खाडीकाठी नेटवर्क गेले की मोबाईलवरून पैसे भरता येत नाहीत, आणि बोट कोणासाठी थांबत नाही.
- हवा भरलेली स्टेपनी, जॅक आणि टायरमध्ये हवा भरण्याचा छोटा पंप.
- मोबाईलमध्ये आधीच उतरवून ठेवलेला नकाशा आणि मुक्कामाच्या घरांचे दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहिलेले.
- तिथी दाखवणारी कोणतीही दिनदर्शिका. तिचा उपयोग पुढे सांगितला आहे.
- खडकांवर न घसरणारी पादत्राणे, विजेरी, आणि घाटात ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी गोळ्या.

इंधनाबाबत एकच नियम पाळावा : टाकी निम्मी झाली की भरावी. अलिबाग, श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण आणि वेंगुर्ले येथे पंप आहेत, पण त्यांच्या मधल्या पट्ट्यांत पंप मिळेलच असे नाही. सीएनजीवर चालणारी गाडी असेल तर पेट्रोलची टाकी भरूनच निघावे.

३. भरती-ओहोटीचे गणित शिकून घ्या

किनाऱ्यावरची जुनी माणसे भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. उदाहरणार्थ, एकादशीला अकराची पाऊणपट म्हणजे सव्वाआठ, म्हणून सकाळी आणि रात्री सव्वाआठच्या सुमारास भरती. तेथून सव्वासहा तासांनी, म्हणजे दुपारी अडीचच्या आसपास, पूर्ण ओहोटी. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, हिशेब तोच. स्थानपरत्वे पाऊण-एक तासाचा फरक पडतो, तरी दिवस आखायला हे पुरेसे आहे. वेळ नेमकी हवी असेल तर भरतीचे कोष्टक मोबाईलवर पाहता येते.

याचा अर्थ असा, की पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पहाटे आणि संध्याकाळी पाणी दूर गेलेले असते आणि भर दुपारी किनाऱ्याला टेकते, तर अष्टमीच्या सुमारास याच्या उलट घडते. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती असते, पाणी अधिक वर चढते आणि ओहोटीला तितकेच अधिक मागे जाते.

या हिशेबाची गरज कोठे पडते हे दोन ठिकाणांवरून कळेल. हरिहरेश्वरला मंदिरामागून निघणारी प्रदक्षिणेची वाट टेकडी चढून कड्याच्या अरुंद फटीतून कोरलेल्या पायऱ्यांनी थेट समुद्रालगतच्या कातळावर उतरते. लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने हा कातळ असा पोखरला आहे की कड्याच्या भिंतीवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी उठलेली दिसते. हात फिरवला की त्या कडा बोटांना खरखरीत लागतात. ही वाट फक्त ओहोटीची आहे. भरती चढू लागली की लाटा पायऱ्यांपर्यंत येतात, आणि तेथून माणसे वाहून गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. पुजारी किंवा दुकानदार "आता नको" म्हणाले तर वाद न घालता परत फिरावे.

हेदवीची बामणघळ मात्र भरतीतच पाहावी. काळ्या खडकातल्या अरुंद घळीत पाणी वेगाने शिरते, टोकाला कोंडते आणि मोठा आवाज करत कारंज्यासारखे वर उसळते. ओहोटीला गेलात तर तेथे केवळ एक भेग दिसेल. पाहताना कडेपासून लांब उभे राहावे, कारण ओले खडक शेवाळाने निसरडे झालेले असतात.

४. खाड्या आणि फेरीबोटी समजून घ्या

मुंबईहून निघणाऱ्यांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसह नेणारी रो-रो बोट २०२० पासून उपलब्ध आहे. सुमारे तासाभरात मांडवा येते आणि पनवेल-पेण-वडखळची कोंडी पूर्ण टळते. तिचे आरक्षण आधी करावे लागते. शनिवारी सकाळच्या फेऱ्या लवकर भरतात.

त्यापुढे उत्तरेकडून दक्षिणेकडे चार बोटी लागतात : राजपुरी खाडीवर आगरदांडा ते दिघी, सावित्रीच्या मुखाशी बागमांडला ते वेश्वी, वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे, आणि शास्त्री नदीवर तवसाळ ते जयगड. यांपैकी दाभोळ-धोपावे ही सेवा २००३ साली सुरू झाली. ती नव्हती तेव्हा दापोलीकडून गुहागरला जायचे म्हणजे खेड-चिपळूणचा शंभराहून अधिक किलोमीटरचा वळसा होता. स्थानिक लोक या बोटीला 'जंगल जेटी' म्हणतात. रस्ता विचारताना हाच शब्द वापरावा, चटकन उत्तर मिळते.

बोटीवर चढण्याची रीत नवख्या चालकाने आधी समजून घ्यावी. बोट उतरत्या धक्क्याला तोंड लावते आणि लोखंडी फळी खाली टाकते. चालकाखेरीज सर्वांनी उतरून पायी चढावे. बोटीवरचा माणूस हाताने खुणा करतो, प्रसंगी गाडी उलटी घ्यायला सांगतो, आणि तो सांगेल तेच करावे. आरसे आत वळवून, गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक पूर्ण ओढावा. पूर्ण ओहोटीला धक्क्याचा उतार अधिक तीव्र भासतो आणि फळीच्या सांध्यावर बुटक्या गाडीचे पोट घासते. अशा वेळी अगदी सावकाश, किंचित तिरके चढावे. गाडीवर किंवा छतावर जास्त सामान लादलेले असेल तर पाणी थोडे चढल्यावर जाणे शहाणपणाचे.

येथे नेहमी पडणारे तीन फटके आहेत. पहिला, नकाशा बोटीचा मार्ग साध्या रस्त्यासारखा दाखवतो आणि रात्री उशिराही त्याच दिशेने पाठवतो. शेवटची बोट गेलेली असते, आणि काळोख्या धक्क्यावरून मागे फिरून वळसा घालण्यावाचून मार्ग उरत नाही. दुसरा, वेळापत्रक हंगामानुसार बदलते, म्हणून आदल्या रात्री मुक्कामाच्या घरी चौकशी करावी. तिसरा, मोठ्या सुट्ट्यांच्या दिवसांत दोन-तीन बोटी सुटेपर्यंत रांगेत थांबावे लागते. खाडी ओलांडायची ती सकाळीच, एवढे पथ्य पाळले तर या तिन्हींतून सुटका होते.

५. टप्पे आखा

दिवसाला ऐंशी ते शंभर किलोमीटर पुरे. नकाशा दोन तास सांगत असेल तर तीन ते साडेतीन तास धरावेत. संपूर्ण मार्गासाठी आठ-नऊ दिवस हवेत. तितके नसतील तर रायगड-दापोली किंवा रत्नागिरी-मालवण असा निम्माच पट्टा निवडावा, पण सगळे पाहण्याच्या हट्टाने धावू नये.

मुक्काम ठरवताना नावांच्या सारखेपणाकडे लक्ष द्यावे. मुरुड दोन आहेत : एक रायगड जिल्ह्यात जंजिऱ्याजवळचे, दुसरे दापोली तालुक्यात हर्णैजवळचे. वेळासही दोन : कासवांचे वेळास मंडणगड तालुक्यात, बाणकोटजवळ आहे, तर दुसरे दिवेआगरच्या शेजारी. आरक्षण करताना तालुक्याचे नाव विचारून घ्यावे, नाहीतर मधे एक-दोन खाड्या राहतात.

(अ) अलिबाग ते दिघी. रेवदंड्याचा पूल ओलांडल्यावर कोर्लई, काशीद, नांदगाव, मुरुड असा क्रम आहे. काशीदला गर्दी असते. त्यापेक्षा एक सकाळ फणसाड अभयारण्याला द्यावी. शेकरू दिसण्याची शक्यता चांगली असते, फक्त मान वर करून शांत उभे राहण्याची तयारी हवी. थंडीत या भागात पोपटी लावतात : मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे आणि मसाला लावलेली कोंबडी भरून मडके उपडे करून जाळात ठेवतात. एखाद्या वाडीत आधी सांगितले तर लावून देतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतात. अलिबागच्या या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे.

(आ) दिवेआगर ते हरिहरेश्वर. दिवेआगरहून श्रीवर्धनला जाताना आतला रस्ता न घेता आरावी-शेखाडीचा रस्ता घ्यावा. माझ्या मते संपूर्ण सागरी मार्गावरचा सर्वांत सुंदर तुकडा हाच आहे : एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पाण्याला खेटून जाणारी सडक, आणि मधे फारशी वस्ती नाही. दिवेआगरला घरगुती खानावळीत उकडीचे मोदक मिळतात. श्रीवर्धनच्या आगरांतली, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागांतली, रोठा सुपारी प्रसिद्ध आहे.

(इ) वेळास ते दाभोळ. वेळासला कासव संवर्धनाचे काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली सुरू केले आणि गावाने ते उचलून धरले. ऑलिव्ह रिडले जातीची मादी वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालून निघून जाते. ती अंडी कुंपणाच्या आत सुरक्षित पुरून ठेवतात आणि साधारण पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. सकाळी आणि संध्याकाळी पिल्लांवर झाकलेली टोपली उचलली जाते, तेव्हा तळहाताहून लहान, काळपट पिल्ले वाळूवर आपल्या वल्ह्यांच्या खुणा उमटवत पाण्याकडे निघतात. दोरीच्या मागे उभे राहावे, फ्लॅश वापरू नये, पिल्लाला हात लावू नये. एखाद्या दिवशी एकही पिल्लू निघत नाही, म्हणून दोन रात्रींचा मुक्काम ठेवला तर बरे. गावात राहण्या-जेवण्याची सोय घरोघरी होते आणि जेवण शाकाहारी, साधे, पण सुग्रास असते.

पुढे केळशी, आंजर्ले आणि हर्णै. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीच्या आवारातून खाली आगरे, खाडी आणि दूरवर सुवर्णदुर्ग एकाच नजरेत येतो. हर्णैच्या बंदरावर दुपारनंतर मासळीचा लिलाव भरतो. होड्या लागल्या की वाळूवर सुरमई, पापलेट, कोळंबीचे वाटे मांडले जातात आणि बोली इतक्या भराभर चालते की नवख्याला ती संपल्यावरच कळते. आपण बोलीत पडू नये. लिलाव झाल्यावर कोळणींकडून किरकोळ मासळी घ्यावी आणि मुक्कामाच्या घरी करून मागावी. हा सौदा बहुतेक ठिकाणी आनंदाने मान्य होतो, पण सकाळीच विचारून ठेवावे.

(ई) गुहागर ते रत्नागिरी. गुहागरचा लांबलचक किनारा सुरूच्या बनाला लागून आहे. वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळला बोट धरावी. जयगडहून मालगुंडला केशवसुतांचे स्मारक पाहून गणपतीपुळे गाठावे, आणि तेथून निवळीकडे न वळता आरे-वारे मार्गाने रत्नागिरीस जावे. डोंगराच्या वळणावरून दोन्ही किनारे एकदम दिसतात, पण वळणावर गाडी थांबवू नये, पुढे मोकळी जागा आहे. गणपतीपुळे आणि आरे-वारे या दोन्ही ठिकाणी तळ एकाएकी खोल होतो आणि ओढ जबरदस्त असते, तेव्हा येथे गुडघ्यापुढे पाण्यात जाऊ नये.

(उ) रत्नागिरी ते देवगड. हा पट्टा लोक घाईत ओलांडतात, हे मला पटत नाही. पावस, पूर्णगड, गावखडी, कशेळी, जैतापूर असा हा निवांत मार्ग सड्यांवरून जातो. कशेळीला कनकादित्याचे सूर्यमंदिर आहे, आणि जवळच्या सड्यावर जांभ्या दगडात कोरलेला प्रचंड हत्ती आहे. कोकणातली अशी कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. ती जमिनीवरच कोरलेली असल्यामुळे पाय पडू न देता कडेने पाहावीत. तिरप्या उन्हात, म्हणजे सकाळी किंवा संध्याकाळी, रेषा उठून दिसतात. भर दुपारी समोर असूनही दिसत नाहीत.

देवगडला हापूस घेताना पेटी बागायतदाराकडूनच घ्यावी. हमरस्त्यावर पेटीवर 'देवगड' लिहिलेले असते, आत आंबा कुठलाही असू शकतो.

(ऊ) मालवण ते रेडी. १६६४ साली पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्ली-देवबागचा कर्ली नदीच्या मुखाशी असलेला वाळूचा चिंचोळा पट्टा, निवती-भोगवे, वेंगुर्ले, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाने ओळखले जाणारे शिरोडे आणि शेवटी रेडी. पाण्याखालची सफर करायची असल्यास प्रशिक्षित माणूस, जीवरक्षक जाकीट आणि हवामान या तीन गोष्टी पाहूनच पैसे द्यावेत. स्वस्त दराच्या मागे लागू नये.

६. जेवणाचे आधी सांगून ठेवा

किनाऱ्यावरच्या घरगुती खानावळीत स्वयंपाक माणसे मोजून होतो. दुपारी दीड वाजता अचानक जाऊन ताट मागितले तर नकार मिळतो, आणि तो उर्मटपणा नसतो, खरोखरच भात उरलेला नसतो. सकाळी निघताना दुपारच्या गावी फोन करून माणसे किती, शाकाहारी किती, मोदक किती हे सांगावे. मोदक ऐनवेळी होत नाहीत.

काय मागवावे, तर रायगडात वालाचे बिरडे आणि जिताडा हा मासा मिळाला तर तो, रत्नागिरीकडे कुळथाची पिठी, आमसुलाचे सार, फेब्रुवारी-मार्चमध्ये ओल्या काजूगरांची उसळ, आणि मालवणात तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले, कोंबडी-वडे, न्याहारीला घावन किंवा आंबोळी, शिवाय नारळाच्या रसातल्या शिरवाळ्या. जाताना मालवणी खाजे घ्यावे. ताटातली सर्वांत महाग मासळी म्हणजे पापलेट, पण त्या दिवशी बंदरावर काय उतरले हे विचारून तेच खाणारा माणूस जास्त चांगले जेवतो. मासळीचे दर बाजारानुसार ठरतात, म्हणून ताट येण्यापूर्वी दर विचारावा. त्यात संकोच कसला?

७. रस्त्यावरची पथ्ये

गावांतून रस्ता घरांच्या अंगणाला लागून जातो आणि जेमतेम एका गाडीपुरता असतो. समोरून एसटी आली तर आपणच मागे यावे, कारण तिला मागे येता येत नाही. चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी. रेतीवर, पुळणीत गाडी कधीही उतरवू नये : चाक रुतते, भरती चढते आणि गाडीसाठी ट्रॅक्टर शोधत फिरावे लागते. बहुतेक किनाऱ्यांवर यास मनाईही आहे. अंधारात वळणाच्या रस्त्याने गाडी चालवणे टाळावे, कडेला कठडे नसतात आणि गुरे रस्त्यावर बसलेली असतात.

८. परतीची वाट

परतताना पुन्हा किनाऱ्याने येण्याचा आग्रह धरू नये. रेडीहून सावंतवाडी गाठून मुंबईकरांनी मुंबई-गोवा महामार्ग धरावा. पुणे-कोल्हापूरकडच्यांनी आंबोली घाट चढून आजऱ्याच्या बाजूने निपाणीकडे यावे. गोव्यात पुढे जायचे असल्यास तेरेखोलहून केरीला फेरीबोट आहे, मात्र तेथून महाराष्ट्रात मद्य आणताना परवाना लागतो आणि नाक्यावर तपासणी होते.

घरी पोहोचल्यावर दोन-तीन दिवसांत गाडी खालून भरपूर गोड्या पाण्याने धुऊन घ्यावी. खारा वारा आणि बोटीवरचे शिंतोडे यांमुळे सायलेन्सर, ब्रेकचे भाग आणि दारांच्या खालच्या कडा गंजू लागतात. वॉशिंग सेंटरवर "खालून धुवा" असे स्पष्ट सांगावे लागते, नाहीतर फक्त वरून फवारा मारून देतात.